टाचण्या टोचलेली काळी बाहुली

अबुधाबीबाहेरच्या मुसफ्फ्यातल्या आमच्या फॅब्रिकेशन यार्डात सत्त्याण्णव साली एक पन्नास टनी सेकंडहँड क्रेन आली, ती पनवती बरोबर घेऊनच आली. पहिल्या आठवड्यात तिचा टायर फुटला. आवाज असा झाला की शेजारच्या यार्डातली माणसं जमिनीवर पालथी पडली आणि अबुधाबी विमानतळावर उतरणारी दोन विमानं म्हणे आल्या पावली परत गेली. दुसऱ्या आठवड्यात ऑपरेटरला केबिनमध्ये बसल्या जागी घेरी आली. तिसऱ्या आठवड्यात तिचा हूक माझ्यापासून दोन हातांवर येऊन पडला.

दोन हात हे मी आज सांगतोय. त्या दिवशी चहाच्या सुट्टीत सांगितलं तेव्हा एक हात होता. कंपनीच्या बसमध्ये तो वीतभर झाला, आणि घरी पोचेपर्यंत हुकानं माझ्या शर्टाचं तिसरं बटण तोडून नेलं होतं. बटण खरंच नव्हतं. ते महिनाभरापासून नव्हतं, पण बायकोला ही माहिती आपण होऊन कशाला द्या?

"दृष्ट लागलीय त्या मशिनला," बायको म्हणाली.

"मशिनला कुणाची दृष्ट लागणार?"

"तुमचीच. आल्यापासून रोज कौतुक चाललंय, तिची मान अशी न् तिचा हूक तसा. माझ्या मानेबद्दल बारा वर्षांत एक शब्द ऐकला नाही." मग शर्टाकडे बघत, "काळी बाहुली बांधा तिला. माझ्या मामांच्या ट्रकला होती. वीस वर्षांत ओरखडा नाही."

"मामांचा ट्रक वीस वर्षं गॅरेजात होता."

"म्हणूनच ओरखडा नाही ना!"

आता पुण्यात काळी बाहुली हवी तर वाण्याकडेही मिळते. नव्या बांधकामाला, ट्रकला, कुणाच्या बंगल्याच्या गच्चीला ती उलटी टांगलेली असते आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोळ्यांतलं विष पिऊन टाकते. अबुधाबीत कुठली मिळायला? काळं कापड आणायला गेलो तर दुकानदार म्हणाला पाच दिरहम. बायकोनं तिथंच मोठ्यानं हिशेब केला, "पन्नास रुपये! बाहुलीला?" आणि मला ओढत घरी आणलं. शेवटी तिनं स्वतःचा एक जुना काळा परकर फाडला. उशीतला कापूस घातला, तो पोटापर्यंत पुरला नाही. मग ऑफिसातून मी लेकीच्या चित्रांसाठी एका बाजूनं कोरे कागद आणायचो, त्यातले चारदोन चुरगळून पार खांद्यापर्यंत कोंबले. लेक सात वर्षांची. ती म्हणाली, "मम्मा, इट्स सो क्रीपी. टेक इट आउट ऑफ माय रूम." रूम म्हणे! एका फ्लॅटमध्ये आम्ही तीन कुटुंबं राहायचो आणि तिची रूम म्हणजे आमच्या पलंगाचा खिडकीकडचा कोपरा.

सकाळी बस यायच्या वेळेपर्यंत धड शिवून झालं होतं. हात आणि केस नुसते टाचून ठेवले होते. टाचण्याही माझ्याच, ड्रॉइंग ऑफिसातल्या. नकाशे भिंतीवरच्या बोर्डाला लावायला आम्ही लाल डोक्याच्या टाचण्या वापरत असू, त्यांची एक डबी कधीतरी माझ्या खिशातून घरी आली होती.

"आज नेऊ नका," बायको म्हणाली. "संध्याकाळी पक्के टाके घालते आणि टाचण्या काढून देते."

खाली बसचा हॉर्न वाजला. मी बाहुली डब्याच्या पिशवीत टाकली आणि पळालो. जन्मात कुठलंही काम उद्यावर ढकलायला मी एका पायावर तयार असतो. नेमकं त्याच दिवशी मला थांबवेना.

क्रेनच्या मागच्या बाजूला, लोखंडी वजनांच्या खाली, जिथं कुत्रंसुद्धा वाकून बघणार नाही अशा जागी मी ती उलटी बांधली. पुढचे अकरा दिवस क्रेननं इतकं गुणी वागून दाखवलं की ऑपरेटर तिला बेटी म्हणायला लागला.

आता वेल्डरबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यापायी. खरं तर माझ्यापायी, पण घडलं त्याच्या डोक्यावर.

तो दोन महिन्यांपूर्वी यार्डात आला होता. उंच, कमी बोलणारा, पन्नाशीला टेकलेला. आधी आठ-दहा वर्षं जहाजांवर होता. डोक्याच्या वर, मान उंच करून करायचा जोडही असा करायचा की शिंप्यानं मशिनवर टीप मारावी तशी सरळ रेघ. पहिल्या दिवशी मी विचारलं, कुठला? म्हणाला, बेनिन. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी त्याच आठवड्यात भाड्यानं आणून एक व्हिडिओ कॅसेट पाहिली होती. तिच्यात मेणबत्त्या होत्या, कोंबडा होता, आणि सुया टोचलेली बाहुली होती. चहाच्या सुट्टीत मी फोरमनला गाठलं. हा पंजाबचा. अंगानं दार अडेल एवढा, पण भुताच्या गोष्टी ऐकताना कपातला चहा सांडायचा.

"ये आदमी कहाँ का है, मालूम है? व्हूडू के देश का," मी म्हणालो. "वहाँ गुड़िया में सुई इधर चुभाते हैं, आदमी उधर कॅनडा में गिरता है."

"कॅनडा में तो मेरा साला है जी!"

"फिर साले को बोलो, बैठ के रहे."

बाकावरचे सगळे हसले. वेल्डर पलीकडं चहा पीत होता. त्याला हिंदी येत नव्हतं. त्यानं इंग्रजीत विचारलं, काय चाललंय? मी म्हटलं, तुझं कौतुक. तो हसला आणि त्या हसण्याला मी परवानगी समजलो.

झालं, दोन महिने माझी रोजची मालिका सुरू. कामगारांच्या कॅम्पातल्या त्याच्या पेटीत सात बाहुल्या आहेत. एकीला दाढी आहे. जहाजावर त्यानं एका कॅप्टनच्या बाहुलीला टाचणी लावली, तर कॅप्टन सुएझपर्यंत लंगडत गेला. रोज एक बाहुली वाढायची. ऐकणारे वाढायचे तसा मीही वाढायचो. मेसमध्ये त्याच्या टेबलावरची माणसं एकेक करून दुसऱ्या टेबलांवर सरकली, शेवटी तो एकटा जेवायला लागला. मला दिसत होतं. मी मनाशी म्हटलं, शांत माणूस आहे, त्याला एकटंच बरं वाटत असेल.

बाराव्या दिवशी, सोमवारी, क्रेनच्या तपासणीला बाहेरून माणूस यायचा होता म्हणून फोरमन तिच्याखाली वाकला. त्याची किंकाळी मी ड्रॉइंग ऑफिसात बसून ऐकली. पाच मिनिटांत तो मॅनेजरच्या पोर्टाकेबिनमध्ये होता. हातात तापलेलं लोखंड धरायचा लांब चिमटा, आणि चिमट्यात माझ्या बायकोचा परकर.

मी एक नकाशा सहीला घेऊन नेमका तिथंच उभा होतो.

मॅनेजर लेबनानचा. माणूस वाईट नव्हता, पण दहा दिवस त्याचा उजवा खांदा आखडला होता. हात कानाच्या वर जात नव्हता, त्यामुळं त्याला स्वतःचा भांगही पाडता येत नव्हता. फोरमननं बाहुली टेबलावर ठेवली. दोन्ही खांद्यांत लाल डोक्याच्या टाचण्या, कपाळाभोवती टाचण्यांची रांग. मॅनेजरनं आपला खांदा धरला. मग पेन्सिलीनं बाहुलीला ढोसलं, तर तिचा उजवा हात निखळून पडला, पोटाची शिवण उसवली आणि चुरगळलेला कागद बाहेर आला. त्यानं तो उलगडला. सुट्ट्यांचं जुनं परिपत्रक होतं. खाली त्याचं नाव, त्याची सही, आणि खांद्याची टाचणी सहीच्या आरपार गेलेली. हे मात्र मी वाढवून सांगत नाहीये. वाढवायला जागाच ठेवली नव्हती.

"कुणी?" मॅनेजर म्हणाला. आवाज अगदी खाली.

फोरमननं एकच शब्द उच्चारला, "बेनिन."

तोंड उघडायची वेळ ती होती. पण जी जीभ शाळेत, लग्नाच्या मांडवात, एकदा तर भूल दिल्यावरसुद्धा थांबली नव्हती, ती त्या क्षणी टाळूला चिकटली. कारण त्या देशात जादूटोणा म्हणजे थट्टा नव्हे, गुन्हा. पोलिसांपर्यंत गेलं तर आधी तुरुंग, मग विमान. मॅनेजरलाही तेवढं नको होतं. त्यानं कपाट उघडून वेल्डरचा पासपोर्ट काढला आणि व्हिसाची कामं करणाऱ्या मंदूबला फोन लावला. कॅन्सल. गुरुवारचं विमान. खलास.

मी नकाशा सही न घेताच परत आणला आणि उलटा टांगला. तासाभरानं लक्षात आलं.

त्या दिवसापासून मला बसवेना. खुर्चीत बसलो की उठावंसं वाटे, उठलो की पाण्याच्या कूलरकडं जावंसं वाटे. इतकं पाणी प्यायलो की कूलरवाला भांबावला असेल. आमचा टाइमकीपर वसईचा, चर्चला जाणारा, मराठीत दिलखुलास शिव्या देणारा एकमेव माणूस त्या यार्डात. त्यानं मला कूलरपाशी पकडलं.

"काय रे, तुझ्या जादूगाराला घालवतायत म्हणे?"

"तो जादूगार नाहीये."

"ह्या! दोन महिने तूच तर आरती ओवाळत होतास."

"अरे, ते गमतीनं."

"गमतीनं? तो शुक्रवारच्या सुट्टीला आमच्या चर्चला येतो, ठाऊक आहे? मी पोरांना धरून मागं दारात उभा, आणि तो पुढं गाणाऱ्यांत. त्याचे वडील गावाकडं पोरांना धर्म शिकवतात. आता हा जादूगार ठरून घरी जाणार. आणि पासपोर्टवर असा शिक्का बसल्यावर गल्फमध्ये त्याला कोण उभं करतंय?"

"मग तू मॅनेजरला सांग ना."

"मी सांगितलं. म्हणाला, चर्चला येतो ते ठीक, पण मग बाहुली कुणाची?" त्यानं माझ्याकडं पाहिलं. "मला कुठं माहीत कुणाची?"

मी अजून एक ग्लास पाणी प्यायलो.

संध्याकाळी घरी आमच्या खोलीत येरझारा घालायला चार पावलंच जागा, तेवढ्यात मी सात-आठ मैल चाललो असेन. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"म्हणजे माझ्या परकरापायी त्या माणसाची नोकरी जाणार?"

"परकरापायी नाही. टाचण्यांपायी."

"मी म्हटलं होतं, संध्याकाळी न्या."

"अगं, हॉर्न वाजला."

"सांगून टाका उद्या. बाहुली माझी म्हणून."

"मग मला घालवतील."

"घालवू देत. पुण्याला जाऊ."

"तिथं मी काय करू?"

"गप्पा मारा. पगार मिळत नाही तेवढंच." मग लेकीकडं बघून हळू आवाजात म्हणाली, "त्यालाही कुणी असेल हो घरी." आणि पोळी लाटायला लागली. ती पोळी इतकी पातळ झाली की तिच्यातून मला माझं तोंड दिसलं.

मंगळवारी वेल्डरला कामावर घेतलं नव्हतं. तो गॅसच्या सिलिंडरांमागं सावलीत बसून स्वतःची हत्यारं एका पिशवीत भरत होता. माझे पाय मला तिकडं घेऊन गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. त्यानं मान वर केली, खिशात हात घातला आणि एक लाल डोक्याची टाचणी माझ्या तळहातावर ठेवली.

"काल मॅनेजरनं मला बोलावलं, तेव्हा केबिनमध्ये जमिनीवर पडली होती," तो इंग्रजीत म्हणाला. त्याचं इंग्रजी सावकाश, मध्येमध्ये फ्रेंच. "या यार्डात अशा टाचण्या एकाच भिंतीवर आहेत."

माझ्या कानांतून धूर निघाला. "मग मॅनेजरला सांगितलं का नाहीस?"

"मी म्हणालो, माझी नाही. त्याला ते ऐकायचं नव्हतं. तुझं नाव घेतलं असतं तर दोघंही गेलो असतो." त्यानं हातोडी पिशवीत ठेवली. "ती बाहुली कशासाठी होती? मला खरंच जाणून घ्यायचंय."

मी सांगितलं. क्रेन, दृष्ट, मामांचा ट्रक, परकर, कापूस. तो ऐकत गेला आणि मग असा हसला की सिलिंडर खडखडले. त्याला असं मोकळं हसताना मी पहिल्यांदा पाहत होतो.

"म्हणजे राखणीला! मग बरोबर आहे. आमच्या घरीही राखणीलाच असायची."

मी खाली बसलो. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

त्याच्या आजीच्या दारात एक लाकडी आकृती उभी असायची, गुडघ्याएवढी. माणूस म्हणावा तर माणूस, खुंट म्हणावा तर खुंट. दोरानं करकचून बांधलेली, वर चिंध्या, शिंपले, एक गंजकं कुलूप. घरात कुणी आजारी पडलं की आजी त्या लाकडाच्या भोकापाशी तोंड नेऊन आजाराचं नाव सांगायची, आणि भोकात खुंटी ठोकायची. आजारानं घरात शिरताना ते लाकूड बघावं आणि त्यालाच माणूस समजून धरावं, एवढंच त्या आकृतीचं काम.

"पण खुंटी ठोकायची कशाला? दुखवायलाच ना?" मी विचारलं.

"कुणाला दुखवायला? बोललेलं आत राहावं म्हणून. बोलणं उघडं ठेवलं तर उडून जातं, भलत्याला जाऊन चिकटतं. म्हणून बूच मारायचं."

मी टाचणीकडं बघत राहिलो.

त्यांच्या भाषेत व्होदून म्हणजे दैवत, तो म्हणाला. झाडातलं, समुद्रातलं, विजेतलं. त्याच्या आजीची त्यांच्यावर जितकी श्रद्धा होती तितकी त्याच्या वडिलांची येशूवर, आणि दोघं एकाच पातेल्यातलं जेवत. त्यांच्या किनाऱ्यावरून माणसं विकून समुद्रापलीकडं नेली, ती माणसं जाताना आपली दैवतंही मनात घेऊन गेली. तिकडच्या एका बेटावरचा सोबती त्याला जहाजावर भेटला होता. त्या बेटावर बाहुली कबरस्तानातल्या झाडाला बांधतात. मेलेल्याला निरोप पाठवायचा असतो, कुणीतरी घेऊन जायला हवं ना? म्हणून बाहुली.

"आणि सुया टोचलेली?" मी म्हटलं. "कॅसेटमध्ये तर..."

"सुया टोचलेली मी आयुष्यात एकदाच पाहिली. इंग्लंडमध्ये." जहाज एका बंदरात दुरुस्तीला थांबलं होतं, बाहेर पाऊस, म्हणून तो तिथल्या छोट्या संग्रहालयात शिरला. काचेच्या पेटीत चिंध्यांची बाहुली, अंगभर टाचण्या. खाली चिठ्ठी लावलेली, की जवळच्याच गावातल्या घराच्या धुराड्यात सापडली, कुणा बाईनं शेजारणीवर राग काढायला केली असावी. "मी तिथल्या राखणदाराला म्हटलं, बाप रे, हे काय भयंकर! तर तो मला विचारतो, तू कुठला? मी म्हटलं बेनिन. तो दोन पावलं मागं सरकला." वेल्डरनं पिशवीची चेन ओढली. "त्यांची बाहुली, त्यांच्या टाचण्या, आणि भीती माझी. मग ज्यांनी सिनेमे काढले त्यांनी ती आमच्या नावावर करून टाकली. आणि तू ती कॅसेट आणलीस."

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. त्यानं हात वर केला.

"मला नोकरी दुसरी मिळेल. पण माझ्या आईनं चर्चमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलंय की मुलगा जहाजं जोडतो. तिच्या दारात मी जादूगार म्हणून नाही जाणार. एवढंच."

तो रागावला असता, चार शिव्या घातल्या असत्या, तर मी शांत झोपलो असतो. ती रात्र मी कशी काढली ते लेकीला विचारा, तिच्या रूमवर मी तीनदा पडलो.

बुधवारी सकाळी मी बसमधून उतरून थेट पोर्टाकेबिनमध्ये घुसलो. मॅनेजर डाव्या हातानं कॉफी पीत होता.

"सर, ती बाहुली माझी आहे. माझ्या बायकोनं केली. क्रेनला दृष्ट लागू नये म्हणून."

त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि हसायला लागला. "हबीबी! गेल्या महिन्यात तू मला सांगितलंस की इथल्या खाडीत माशानं वेल्डिंगचा होल्डर गिळला आणि मासा आतून दिव्यासारखा पेटला. मी माझ्या बायकोला सांगितलं. तिनं आठ दिवस मासा आणला नाही."

"सर, हे खरं आहे."

"मासाही खरा होता. तुझा मित्र आहे, तुला वाईट वाटतंय, मला कळतं. जा, काम कर. यल्ला."

मी देवाशपथ म्हणालो, आईशपथ म्हणालो, तो हसत राहिला. खरं बोलायची सवय नसली की ते नेमकं खोट्यासारखं ऐकू येतं. बारा वाजता मंदूब पासपोर्ट न्यायला येणार होता. मी बाहेर येऊन घरी फोन लावला.

"परकराचा उरलेला तुकडा आहे?"

"आहे. का?"

"तो घे, सुईदोरा घे, टॅक्सी कर, मुसफ्फ्याला ये."

"टॅक्सीनं? पंचवीस दिरहम होतील! म्हणजे अडीचशे..."

"अगं, ये!"

सव्वाअकराला बायको यार्डात उतरली. अंगावर लग्नाकार्याची साडी, हातात शिवणाची पिशवी, डोक्यावर सुरक्षेचं पिवळं हेल्मेट, कारण गेटवरच्या माणसानं त्याशिवाय सोडलं नाही. दोनशे माणसांचं काम थांबलं. ती तशीच केबिनमध्ये शिरली, खुर्ची ओढली आणि मॅनेजरला म्हणाली, "सर, वन मिनिट. सिट." तो बसलेलाच होता, तरी सावरून बसला.

मग तिनं टेबलावर कापड पसरलं, कात्री काढली आणि कामाला लागली. बोलणं मराठीत. मी भाषांतर करत होतो, म्हणजे धार बोथट करून.

"ह्यांना सांगा, आधी धड शिवतात. मग हात वेगळे. हात लगेच शिवले तर वाकडे बसतात, म्हणून आधी टाचायचे. जगातला कुठलाही शिंपी टाचतो. ह्यांच्या कोटाच्या बाह्या काय डिंकानं चिकटवल्यात?"

"मॅडम म्हणतात, हा शिवणाचा नियम आहे, सर."

मॅनेजरनं नकळत आपली बाही चाचपली. बाहुली त्याच्या डोळ्यांदेखत उभी राहत होती. तेच कापड, तोच आकार, खांद्याला तशाच टाचण्या. त्यानं कपाटातून जुनी काढून शेजारी ठेवली. सख्ख्या बहिणी.

"आणि माझी सही?" तो म्हणाला. "पोटात माझी सही कशाला?"

"कापूस संपला होता," बायको म्हणाली.

"कॉटन फिनिश, सर."

बायकोनं कात्रीचं टोक त्याच्या टेबलावरच्या गाडीच्या किल्ल्यांकडं केलं. किल्ल्यांना निळा काचेचा मणी होता, मध्ये पांढरा डोळा. "हे कशाला बांधलंय विचारा."

मी विचारलं. मॅनेजर जरा ओशाळला. "नजर लागू नये म्हणून. माझ्या आईनं दिलाय."

"मग हेही त्याच्यासाठीच. निळं नव्हतं घरात, परकर काळा होता."

हे मी शब्दशः सांगितलं. मॅनेजरनं मणी मुठीत घेतला, सोडला, परत घेतला. मंदूब दारात येऊन उभा राहिला होता. मॅनेजरनं त्याला नुसतं हातानं, डाव्या, परत जायला सांगितलं, आणि पासपोर्ट कपाटात टाकला. मला ताकीदपत्र मिळालं. दोन्ही बाहुल्या बायकोच्या पिशवीत गेल्या. ती निघाली तेव्हा तो दारापर्यंत गेला आणि हेल्मेट परत घ्यायला विसरला.

मग माझ्याकडं वळला. "पासपोर्टचं मी बघितलं. पण उद्या त्याच्या शेजारी कोण जेवायला बसणार? ते माझ्या हातात नाही. तू पसरवलंस, तू आवर. आजच."

तीनच्या चहाला मी बाकावर उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा जसं घडलं तसं सांगितलं. बाहुली माझी, बायकोनं केली, वेल्डरचा संबंध नाही, पेटी-बिटी सगळं माझ्या मनचं, मी त्याची माफी मागतो. अर्ध्या मिनिटात संपलं. कुणी हललं नाही.

"बस?" फोरमन म्हणाला. "इतना ही?"

"इतना ही."

फोरमननं शेजाऱ्याचा दंड धरला. "देखा? साहब की जुबान बाँध दी उसने. साहब ऐसा कभी बोलते हैं क्या, सीधा?"

आणि सगळ्यांच्या माना वेल्डरकडं वळल्या. पूर्वीपेक्षा जास्त घाबरून. तो कोपऱ्यात कप धरून उभा होता, त्याला शब्द कळत नव्हते पण माना कळत होत्या. माझ्या पायांखाली बाक डगमगायला लागलं. काहीतरी करायलाच हवं होतं.

"अरे, जुबान किसने बाँधी!" मी ओरडलो. "असली चीज़ तो मेरे घर में है! आज जो आई थी, पीला हेल्मेट, देखा ना? पूरा पुणे उससे डरता है. सात पीढ़ी का काम है. एक लहंगे में पचास टन की क्रेन बाँध दी उसने, ग्यारह दिन! ये वेल्डर बेचारा तो चर्च में गाना गाता है, इसको क्या आता है? और मैडम ने बोला है, जो इसको अकेला खाने बिठाएगा, उसके नाम का कपड़ा बचा के रखा है."

"मेरा नाम तो नहीं बताया ना जी?" फोरमन.

"पूछ रही थी."

"और साले का?"

"कॅनडा का पता भी."

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मेसमध्ये फोरमन आपलं ताट घेऊन वेल्डरच्या टेबलावर जाऊन बसला. त्याच्यामागून आणखी चारजण. आणि माझ्या टेबलावर कुणीच नाही. टाइमकीपरसुद्धा लांबून क्रूस करून गेला, तो मेला मुद्दाम. मी डबा उघडून एकटाच भात चिवडत बसलो. सगळ्या मेसचा आवाज माझ्याभोवती वाहत होता आणि मला परत उठून कूलरकडं जावंसं वाटत होतं.

समोरची खुर्ची सरकली. वेल्डर आपलं ताट घेऊन बसला. त्यानं माझ्या डब्यातली भाजी चमच्यानं घेऊन चाखली, तिखट लागली, पाणी प्यायला.

"मला परत जहाजांकडं जायचंय. फुजैरा बंदरात जहाजांच्या दुरुस्तीत जागा आहे," तो म्हणाला. "मॅनेजर नाहरकत पत्र देतो म्हणाला. पण अर्ज चांगल्या इंग्रजीत हवा. मला बोलता येतं, लिहिता येत नाही."

"मी लिहितो," मी म्हटलं. खिशातून कागद काढला. "अनुभव किती वर्षं टाकू? तीस?"

"अठरा."

"पाण्याखालचं वेल्डिंग?"

"येत नाही."

"थोडंफार तरी?"

त्यानं चमचा खाली ठेवला आणि नुसतं माझ्याकडं बघितलं. मी लिहिलं, अठरा. पाण्याखालचं लिहिलं नाही. मग त्यानं कागद आपल्याकडं ओढला, ओळीवर बोट फिरवत माझं लिहिलेलं एकेक अक्षर वाचलं, आणि परत माझ्यासमोर ठेवला.

"पुढं," तो म्हणाला.